आठ दिवसांचं माहेर

नेदरलँड्समध्ये घरात बाळ यायचं असलं की आधी पलंग उंच होतो. सदतिसावा आठवडा लागेपर्यंत पलंगाच्या चारही पायांखाली भक्कम ठोकळे सरकवायचे आणि गादी जमिनीपासून सुमारे ८० सेंटीमीटरवर न्यायची, असा दंडकच आहे. ठोकळे भाड्यानेही मिळतात. आइंडहोवनला किंवा आम्स्टलवेनला नोकरीनिमित्त गेलेल्या पुण्या-नाशिकच्या जोडप्याला आधी वाटतं, ही बाळंतिणीची सोय असणार. पण यात तिची सोय कसली? चढउतार करताना उलट तिचीच पंचाईत. हे ठोकळे असतात दुसऱ्याच एका बाईच्या पाठीसाठी. बाळंतपण झालं की ही बाई रोज घरी येणार, बाळंतिणीला तपासणार, बाळाला पाजायला धरून देणार, अंथरूण बदलणार. हे सगळं वाकून वाकून केलं तर तिची पाठ थोड्याच वर्षांत कामातून जाईल. म्हणून अख्ख्या देशाने आपले पलंग उचलले.

या व्यवस्थेचं नाव क्रामझॉर्ख. बाळ जन्मल्यापासून साधारण आठ दिवस प्रशिक्षित सेविका घरी येते. नेहमीचा हिशेब एकूण ४५ ते ४९ तासांचा. गरज कमी असेल तर २४ तास, आणि अडचण असेल तर ८० तासांपर्यंत. खर्च मूळ आरोग्यविम्यातून होतो, घरच्यांनी तासाला पाचेक युरो घालायचे. तिथे राहून नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला हा विमा सक्तीचा आहे, त्यामुळे कालपरवा विमानातून उतरलेल्या परदेशी कुटुंबालाही तोच हक्क मिळतो. फक्त नाव लवकर नोंदवावं लागतं. पोट दिसायलाही लागलेलं नसतं, तेव्हाच बाळंतपणानंतरच्या बाईची तजवीज करायची.

आणि ही बाई करत काय नाही! सकाळी आल्या आल्या दोघांचा ताप बघते, आईची नाडी पाहते, गर्भाशय किती आक्रसलं ते पोटावर बोटं टेकवून अजमावते, टाके पाहते. बाळाचं वजन, ओले लंगोट, डोळ्यांतला-कातडीवरचा पिवळेपणा सगळं वहीत लिहून ठेवते. अंगावर पाजायला जमत नसेल तर तासन् तास शेजारी बसते. मग बाही सरसावून न्हाणीघर आणि संडास घासते, कपडे मशीनला लावते, थोरल्या भावंडाला भरवते आणि आलेल्या पाहुण्यांना चहा देते. जास्त वेळ बसलेल्या पाहुण्यांना वाटेलाही तीच लावते. पगार घेऊन, गणवेश घालून, शिक्षण घेऊन आलेली ही बाई जे करते, त्याला आपल्याकडे एकच शब्द आहे, माहेर.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपल्याकडचा रिवाज निव्वळ मायेचा नव्हता. सासरी जिला पदर खोचून उभं राहावंच लागलं असतं, तिला निजून राहण्याचा परवाना माहेर देत असे. आई, आजी, अंग रगडणारी बाई, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, सव्वा महिना. पण माहेर सात हजार किलोमीटरवर राहिलं तर? आईच्या व्हिसाची तारीख बाळाच्या तारखेशी जुळली नाही तर? परमुलखात बाळंत होणाऱ्या बाईला सगळ्यात जास्त भेडसावतो तो हाच प्रश्न, आणि योगायोगाने ती अशा देशात येऊन पडलेली असते जिथे त्याचं उत्तर विम्याच्या कागदावर छापलेलं आहे.

प्रसूतीसुद्धा अनेकींची घरीच होते. आज दर शंभरांत साधारण पंधरा बाळं तिथे घरी जन्मतात. १९६०च्या दशकात हे प्रमाण दोन तृतीयांशाच्या आसपास होतं. इतर श्रीमंत देशांत असं दिसत नाही. हे ऐकून मराठी मुलीच्या पोटात गोळाच येतो. तिच्या पणजीच्या काळी घरचं बाळंतपण म्हणजे जिवाशी गाठ होती, आणि बाईला दवाखान्यापर्यंत आणण्यासाठी आपल्याकडे आशाताईंनी आणि आरोग्यसेविकांनी वर्षानुवर्षं चपला झिजवल्या. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली जवळपास ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात, ती त्या पायपिटीची कमाई. मग डच लोकांना घर कसं परवडतं? कारण तिथे घरी येणारी सुईण चार वर्षांची पदवी घेतलेली असते. कोणती बाळंतीण तिच्याकडे राहील आणि कोणती डॉक्टरकडे जाईल याची यादी ठरलेली असते, आणि कुठे काही खुट्ट झालं तर ४५ मिनिटांत रुग्णालय गाठता यावं असा देशाचा निकष आहे. सपाट जमीन, दाट वस्ती आणि चांगले रस्ते यांचं हे बाळंतपण आहे. ते उचलून गडचिरोलीच्या पाड्यावर नेता येणार नाही.

बाकीच्या युरोपात डॉक्टर आले आणि सुईणी मागे हटल्या. नेदरलँड्समध्ये तसं झालं नाही, त्याला जुनी मुळं आहेत. सतराव्या शतकाच्या शेवटी फ्रीसलँड प्रांतात कातारिना श्राडर नावाची सुईण होती. १६९३ ते १७४५ अशी बावन्न वर्षं तिने आपल्या हातच्या बाळंतपणांची टिपणं ठेवली, तीन हजारांहून जास्त. कुठल्या घरी, बाळ आडवं होतं की पायाळू, किती वेळ लागला, पैसे किती मिळाले, सगळं. ऐंशी ओलांडल्यावरही ती बाळंतपणं करत होती. गंमत म्हणजे डच सुईणींची ही मूळपुरुष म्हणावी अशी बाई स्वतः परदेशी होती, जर्मनीतल्या बेंटहाइमची. पदरी मुलं असताना वैधव्य आलं आणि परक्या गावात पोट भरायला तिने हे काम पत्करलं. पुढे १९४१ साली आरोग्यविम्याच्या आदेशाने सुईणीला पहिला मान दिला. गावात सुईण असेल तर साध्या बाळंतपणासाठी डॉक्टरचे पैसे विमा देणार नाही, असा तो नियम होता. सुईण टिकली आणि तिच्यामागे घरही टिकलं.

रुग्णालयात जाणाऱ्यांचाही मुक्काम फार नसतो. सगळं सुरळीत पार पडलं तर काही तासांतच घरी जायला सांगतात. बारा वाजता बाळ, पाचला गाडीत. आपल्या जोडप्याला वाटतं, आपल्याला हाकलत आहेत. पण घरी तो उंच पलंग आणि ती बाई वाट बघत असते, हे धरूनच सगळा हिशेब मांडलेला असतो.

पहिल्या दिवशीची पहिली काळजी म्हणजे ऊब. तान्हं बाळ थंडीने कुडकुडत नाही, कारण कुडकुडून अंग तापवण्याची सोय त्याच्या स्नायूंत अजून पुरती आलेली नसते. वजनाच्या मानाने त्याची कातडी मोठ्या माणसापेक्षा कितीतरी जास्त, म्हणजे उष्णता निसटायला वाटाही जास्त. मग ते तगतं कसं? त्याच्या खांद्याच्या पात्यांमध्ये, मानेशी आणि मूत्रपिंडांभोवती तपकिरी चरबीचा साठा असतो. नेहमीच्या चरबीतून शरीर काम करण्याची ताकद काढतं, या चरबीतून मात्र थेट उष्णता निघते, कारण तिच्या पेशींत त्यासाठी खास प्रथिन असतं. जन्मतःच पाठीला शेगडी बांधून पाठवलंय म्हणा ना! पण हे इंधन बेताचं, म्हणून बाहेरून मदत लागते. आपल्याकडे त्यासाठी शेक-शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी, कुंची, दुपटं. डच घरात पूर्वी बाळंतिणीची सेवा करणारी बाई बुटक्या काठाच्या वेताच्या आसनात चुलीसमोर बाळाला मांडीवर घेऊन बसायची. आज तिच्या जागी धातूची गरम पाण्याची बाटली आली आहे. ती कडकडीत पाण्याने काठोकाठ भरायची, झाकण गच्च लावायचं, उलटी धरून गळत नाही ना ते पाहायचं, जाड पिशवीत घालायची, आणि झाकण पायांकडे येईल अशी बेताने पाळण्यात ठेवायची. बाळाच्या अंगाला ती टेकता कामा नये. बाळाचं तापमान ३६.५ अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की बाटली, ३७.५च्या वर गेलं की एक पांघरूण कमी.

इथेच आजीचं आणि त्या बाईचं वाजतं. आजीला खिडक्या बंद हव्या असतात, कानटोपडं हवं असतं. बाई येते आणि खिडकी उघडते. पाळण्यात बाळ फार गरम होणंही घातक असतं, हे तिला शिकवलेलं असतं. एका मुद्द्यावर मात्र जीत आजीची आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चात्त्य डॉक्टर बाळांना पालथं निजवायला सांगत होते. त्याने पाळण्यातल्या अचानक मृत्यूंची संख्या वाढते हे लक्षात आल्यावर १९८७ साली डच बालरोगतज्ज्ञांनी बाळाला पालथं निजवू नका अशी मोहीम उघडली आणि मृत्यू झपाट्याने घटले. आपल्या पाळण्यातलं बाळ तोवर उताणंच झोपत होतं.

बाळ बघायला आलेल्यांच्या हातात डच घरी एक गोल, कुरकुरीत टोस्ट पडतो. त्यावर लोणी आणि लोण्यावर साखरेत घोळवलेले बारीक दाणे. मुलगी असेल तर गुलाबी-पांढरे, मुलगा असेल तर निळे-पांढरे. राजघराण्यात बाळ झालं तर केशरी. आपल्या पेढे-बर्फीचंच हे भावंड. पण दाणा दाताखाली फुटला की मराठी जीभ चमकते, कारण आत बडीशेपेच्या चवीचं बी निघतं. ती असते अनीस, आणि ती खाल्ल्याने आईला दूध येतं असा डच आजीबाईंचा समज. इकडे आपल्या बाळंतिणीच्या पानात जेवणानंतर काय येतं? बाळंतशोपा. अनीस, शेपू, बडीशेप, ओवा, जिरं ही सगळी एकाच कुळातली झाडं, पंजासारख्या पसरलेल्या दांड्यांवर बारीक फुलांचे झुबके धरणारी. त्यांनी खरंच दूध वाढतं का, याचा ठाम पुरावा विज्ञानाकडे नाही. पण उत्तर समुद्राच्या काठावर आणि सह्याद्रीच्या कुशीत, एकमेकींची भाषा न कळणाऱ्या बायकांनी बाळंतिणीसाठी एकाच कुळातलं बी निवडावं, हे नवल पुराव्याविनाही नवलच.

तिसरा दिवस नावाचा. नेदरलँड्समध्ये जन्माची नोंद तीन दिवसांत नगरपालिकेत करावी लागते, नावासकट. आपलं बारसं बाराव्या दिवशी. तोवर बाळ सोन्या, पिल्लू, ठकी काहीही असतं, आणि पत्रिकेतलं अक्षर, आजोबांचं नाव आणि आईची आवड यांच्यात खल चालू असतो. इथे खलाला वाव नाही. नोंद करायला गेलेल्या बापाने नावच सांगितलं नाही, किंवा सांगितलेली सगळी नावं अयोग्य ठरली, तर डच कायद्याप्रमाणे निबंधकच बाळाचं नाव ठेवतो आणि ते आपण ठेवलं अशी नोंद दाखल्यात करतो. थोडक्यात, सरकार आत्या होतं. म्हणून परदेशातली शहाणी मराठी जोडपी नाव आधीच पक्कं करतात, कागदावर लिहून देतात, आणि बाराव्या दिवशी पाळण्याला फुलं बांधून, व्हिडिओ कॉलवरून आत्याला कुर्र करायला लावून तेच नाव पुन्हा ठेवतात.

मग येते पाचवी. पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचं नशीब लिहून जाते, म्हणून पाटा-वरवंट्याशी पूजा मांडायची, कुठे कुठे कोरा कागद आणि लेखणीही ठेवायची, ही आपली रीत. नेमक्या याच दिवसांत डच घराची घंटा वाजते. बाळ ७२ तासांचं झाल्यावर आणि १६८ तासांचं व्हायच्या आत एक आरोग्यसेविका दारात उभी राहते. पिशवीतून एक कार्ड काढते. त्याला जाड, शोषक कागदाची पट्टी असते आणि तिच्यावर छापलेली रिकामी वर्तुळं. बाळाच्या टाचेच्या कडेला ती एक बारीक टोच देते, थेंब जमू देते आणि एकेक वर्तुळ भरते. बाळ भोकाड पसरतं, आई डोळे मिटते. कागद सुकतो आणि टपालाने प्रयोगशाळेत जातो. वाळलेल्या त्या डागांतून पंचवीसहून जास्त दुर्मीळ आजारांचा माग काढला जातो.

यातला पहिला आजार फिनाइलकीटोन्युरिया. नॉर्वेचे डॉक्टर फोलिंग यांनी तो १९३४ साली ओळखला. प्रथिनांतलं फिनाइलअॅलानिन नावाचं द्रव्य या बाळांना पचवता येत नाही, ते रक्तात साठतं आणि मेंदू कायमचा अधू करतं. जन्मल्यावर पहिल्या आठवड्यांतच आहार बदलला तर मूल चारचौघांसारखं वाढतं, पण उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. म्हणजे लक्षणं दिसायच्या आधीच ओळखायला हवं. ते साधलं अमेरिकेतल्या रॉबर्ट गथ्री यांनी, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्यांच्या भाचीला हाच आजार होता. त्यांनी रक्त शोषलेल्या कागदाची टिकली जंतूंच्या थरावर ठेवली. त्या थरात जंतूंची वाढ रोखणारं द्रव्य घातलेलं होतं, आणि रक्तात फिनाइलअॅलानिन भरपूर असेल तरच त्याला न जुमानता जंतू वाढत. टिकलीभोवती वलय उमटलं की समजायचं, या बाळाला मदत हवी. नेदरलँड्सने १९७४ साली ही चाचणी देशभर सुरू केली. पुढे थायरॉईडची उणीव आली, आणि २००७ पासून सिकलसेल, ज्याने आपल्या विदर्भात आणि नंदुरबारकडे अनेक घरं पोळली आहेत.

पण चाचणी पहिल्याच दिवशी का करत नाहीत? पोटात असेपर्यंत बाळाच्या रक्तातला नको तो साठा वारेवाटे आईच्या शरीराकडे जातो आणि आईचं शरीर तो निस्तरतं. नाळ तुटते, बाळ स्वतः दूध पिऊ लागतं, आणि त्याच्या अंगचा दोष तेव्हा कुठे रक्तात उतरतो. आईने झाकून घेतलेलं नशीब उघडं पडायला दोन-तीन दिवस लागतात. सटवाईच्या लेखाला फेरफार नाही असं आपण म्हणतो. या कार्डावरचा मजकूर मात्र वाचायचाच असतो तो बदलण्यासाठी.

आठव्या दिवशी बाई वही मिटते, बाळाची सगळी माहिती बालआरोग्य केंद्राकडे सोपवते आणि जाते. मागे काय उरतं? एक बाप, ज्याला आता अंघोळ घालता येते. आपल्या रिवाजात पहिलटकरणीचा नवरा पाहुणा असतो, शनिवारी येतो, बाळ बघतो, जेवून परततो. परदेशात माहेर नसतं, म्हणून तो खोलीतच असतो आणि ती बाई त्याला सोडत नाही. लंगोट त्याच्याकडून बदलून घेते, थर्मामीटर त्याच्या हाती देते. डच कायदाही तिच्या बाजूने आहे. नोकरदार जोडीदाराला एक आठवडा भरपगारी आणि त्याखेरीज पहिल्या सहा महिन्यांत पाच आठवडे सत्तर टक्के मोबदल्यावर रजा मिळते. माहेराने आईला विसावा दिला, पण बापाला उंबऱ्याबाहेर ठेवलं. माहेर नसण्याने मराठी घरात काही नवीन आलं असेल तर ते हे.

इतकं सगळं देणारा देश एक गोष्ट मात्र देत नाही, ती म्हणजे आपलं नागरिकत्व. डच भूमीवर जन्मला म्हणून कुणी डच होत नाही. भारतीय आईबापांचं बाळ जन्मदाखला हातात असूनही तिथे परदेशीच ठरतं आणि त्याला राहण्याचा परवाना काढावा लागतो. भारतही त्याला आपोआप आपलं म्हणत नाही. ३ डिसेंबर २००४ पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार परदेशात जन्मलेल्या बाळाची नोंद वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांनी लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते. तोवर ते बाळ ज्या मुलखात जन्मलं तिथलं नसतं आणि ज्या मुलखाचं आहे त्याच्या दप्तरात नसतं.

जमीन आणि जन्म यांच्या या गाठीचा सगळ्यात नवलाचा किस्सा डच राजघराण्याचाच आहे. दुसऱ्या महायुद्धात हिटलरच्या फौजांपासून निसटलेली राजकन्या युलियाना कॅनडात राहत होती. १९ जानेवारी १९४३ला ओटावाच्या रुग्णालयात तिला मुलगी झाली, मार्खरीट. तेव्हाच्या कायद्याने कॅनडात जन्मलेलं मूल ब्रिटिश राजमुकुटाचं प्रजाजन झालं असतं. ते टाळायला कॅनडा सरकारने जाहीरनामा काढून बाळाचा जन्म होईल ती जागा कॅनडाच्या अधिकारक्षेत्राबाहेरची ठरवली. राजकन्या कुठल्याच देशाच्या जमिनीवर जन्मली नाही आणि रक्ताच्या नात्याने डच राहिली. युद्धानंतर १९४५ साली नेदरलँड्सने कृतज्ञतेने एक लाख ट्यूलिपचे कंद पाठवले. ओटावात दर वसंतात फुलणाऱ्या ट्यूलिपच्या ताटव्यांची सुरुवात तिथे झाली.

म्हणजे रक्त मोठं, माती धाकटी, हा डच कायद्याचा शिरस्ता. पण त्याला एक अपवाद आहे. आईबाप नेदरलँड्समध्ये राहत असताना जन्मलेलं आपलं हे बाळ उद्या मोठं झालं, तिथेच राहिलं आणि तिथेच त्याला मूल झालं, तर ते मूल मात्र जन्मतःच डच. अर्ज नाही, परीक्षा नाही. पहिल्या पिढीला परवाना, दुसरीला दाखला आणि तिसरीला थेट पासपोर्ट. आजी-आजोबांना नातवंडं दुधावरच्या सायीसारखी प्रिय असतात, हे आपल्याला ठाऊक होतं. डच सरकारचंही मन तिथेच अडकलेलं असेल, असं कुणाला वाटलं होतं?